एक म्हणून उचललेली दोन पाने

कोल्हापुरात लग्नघरी आदल्या रात्री पत्त्यांचा डाव पडला नाही असे सहसा होत नाही. दारात मांडव पडलेला असतो, खाली आचाऱ्यांची दुसऱ्या दिवसाच्या मसालेभाताची तयारी चाललेली असते आणि माडीवर सतरंजी अंथरून मंडळी झब्बू, मेंढीकोट नाहीतर रमी खेळत असतात. पत्त्यांची हातचलाखी मी पहिल्यांदा पाहिली ती अशाच एका रात्री, वयाच्या अकराव्या वर्षी. माझे मामा शाहूपुरीतल्या एका छापखान्यात कागद मोजण्याचे काम करीत असत. डाव संपल्यावर त्यांनी कॅट हातात घेतला, मला एक पान काढायला सांगितले, निघालेली बदाम राणी सर्वांना दाखवून कॅटच्या मधोमध सरकवली आणि चुटकी वाजवून सर्वांत वरचे पान उलटले. ती बदाम राणीच होती. त्यांनी ती पुन्हा मधे घातली आणि ती पुन्हा वर आली. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्या हातांपासून वीतभर अंतरावर डोळे रोखून बसलो होतो, तरीही ती वर आलीच.

या खेळाला जादूगारांमध्ये ‘ॲम्बिशस कार्ड’ म्हणतात. कितीही खाली घातले तरी वर येण्याची आकांक्षा धरणारे पान, असा त्याचा अर्थ. १९२२ साली शिकागो येथे डाय व्हर्नन या कॅनडाहून आलेल्या तरुणाने हाच खेळ नामवंत जादूगार हॅरी हुडिनी यांना दाखवला होता. कोणताही खेळ मला लागोपाठ तीन वेळा दाखवा, मी त्याचे रहस्य सांगतो, असे हुडिनी उघडपणे म्हणत असत. व्हर्नन यांनी हुडिनींच्या आद्याक्षरांची खूण पानावर करून घेतली, ते पान वरून दुसरे म्हणून कॅटमध्ये घातले आणि लगेच सर्वांत वर आणून दाखवले. मग त्यांनी तो खेळ पुन्हा पुन्हा केला. बेड्या आणि कुलुपे यांत ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, त्या हुडिनींना शेवटपर्यंत उत्तर सापडले नाही, आणि व्हर्नन यांची ओळख पुढे कायमची ‘हुडिनींना चकवणारा माणूस’ अशी झाली.

रहस्य असे आहे की, वरचे पान म्हणून जे उलटून दाखवले जाते ते एक पान नसते. एकावर एक तंतोतंत बसवलेली दोन पाने एक म्हणून उचललेली असतात. समजा, बदाम राणी वरून दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि तिच्यावर किलवर सत्ती आहे. दोन्ही पाने एकदम उलटली की राणी वर आल्यासारखी दिसते. ती दोन्ही पुन्हा पालथी करून ठेवली की प्रेक्षकाच्या मनात राणी सर्वांत वर असते, प्रत्यक्षात मात्र वर सत्ती असते. आता वरचे एकच पान, म्हणजे सत्ती, न दाखवता मधोमध सरकवायची. प्रेक्षक समजतो की राणी मधे गेली, आणि राणी मात्र आता खरोखरच सर्वांत वर आलेली असते. चुटकी वाजण्याच्या कितीतरी आधी काम पूर्ण झालेले असते. याला ‘डबल लिफ्ट’ म्हणतात आणि पत्त्यांच्या जादूतला बराच मोठा भाग या एका युक्तीवर उभा आहे.

हे येथे उघड सांगण्यात मला काही गैर वाटत नाही, कारण एवढे वाचून हा खेळ कोणालाही करता येणार नाही. ढाक, कलाजंग, घिस्सा हे डाव आमच्याकडच्या तालमीतल्या पोरासोरांनाही ठाऊक असतात. वस्तादांनी ते मातीत सर्वांदेखत शिकवलेले असतात. तरीही खासबागेच्या मैदानात तोच डाव, तो ओळखणाऱ्याच पैलवानावर बसतो, कारण डाव माहीत असणे आणि तो समोरच्याला चाहूल न लागू देता टाकता येणे यांच्यामध्ये कित्येक वर्षांची मेहनत असते. पत्त्यांच्या जादूगाराचे आयुष्य याच मधल्या जागेत जाते. फरक इतकाच की, पैलवानाची मेहनत शेवटी सर्वांना दिसते आणि याची मेहनत दिसली की खेळ संपतो.

ही मेहनत नेमकी कशाची असते, हे डबल लिफ्टच्याच जवळ जाऊन पाहता येईल. नेहमीचे पान सुमारे ८८ मिलिमीटर लांब, ६३ मिलिमीटर रुंद आणि सुमारे ०.३ मिलिमीटर जाड असते. पूर्ण कॅट दीड सेंटिमीटरच्या आसपास भरतो. कॅट डाव्या हातात असतो, अंगठा वर, तर्जनी पुढच्या कडेला आणि बाकीची तीन बोटे उजव्या बाजूला. वरची दोन पाने उचलण्यापूर्वी ती इतर पन्नासांपासून केसभर वेगळी झालेली असावी लागतात, आणि ती फट करंगळीच्या टोकाच्या मांसात धरून ठेवलेली असते. समोरून पाहिले तर कॅट एकसंध दिसतो, पण मागच्या उजव्या कोपऱ्यात करंगळीच्या त्वचेचा एक कण आत गेलेला असतो. या फटीला आम्ही सर्व जण ‘ब्रेक’च म्हणतो. ती तयार करण्यासाठी दोन पाने मोजावी लागतात आणि ती बोटांनी, न बघता, बोलता बोलता मोजावी लागतात.

येथे मामांचा व्यवसाय त्यांच्या कामी आला होता. छापखान्यात रीम मोजणारा माणूस कागदाची थप्पी पंख्यासारखी उलगडून अंगठ्याने तावांमागून ताव सोडत जातो आणि दोन ताव चिकटलेले असले तर त्याला ते डोळ्यांनी कळण्याआधी अंगठ्याने कळते. मी शिकायला लागलो तेव्हा मनातल्या मनात “एक, दोन” म्हणत असे आणि त्या वेळी माझी नजर कॅटवर जात असे. मामा म्हणाले होते, “मोजायला लागलास की बघणाऱ्याला कळतंय. दोन झाली हे अंगठ्याला कळायला पाहिजे, तुला नव्हे.”

त्यानंतरची अडचण मला अधिक अवघड वाटली. दोन पाने हातात नीट आली की माणूस ती सांभाळून, जपून, किंचित ताठ हाताने उलटतो, आणि एकच पान उलटताना कोणी तसे करीत नाही. प्रेक्षकाला युक्ती माहीत नसली तरी ताठरपणा त्याला जाणवतो; त्याला कारण सांगता येत नाही, पण “इथे काहीतरी झाले” हे तो ओळखतो. म्हणून आधी आपण एकच पान निष्काळजीपणे कसे उलटतो हे नीट पाहावे लागते आणि मग दोन पाने अगदी त्याच निष्काळजीपणाने उलटावी लागतात. मी जवळजवळ दोन महिने आरशासमोर एकच पान उलटत बसलो होतो, आणि घरच्यांना त्यात सराव कसला हे कळत नव्हते. व्हर्नन यांनी आयुष्यभर हाच आग्रह धरला. १८९४ साली ओटावा येथे जन्मलेल्या या माणसाने काळ्या कागदातून लोकांच्या चेहऱ्यांच्या छायाकृती कापून पोट भरले आणि पत्त्यांवर विचार करण्यात जवळजवळ सर्व आयुष्य घालवले. १९९२ साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी ते वारले तेव्हा पत्त्यांची जादू रंगमंचावरच्या कसरतीकडून साध्या, सहज हातांकडे वळलेली होती आणि त्याचे मोठे श्रेय त्यांचे होते.

सामान्य समजूत अशी आहे की जादूगाराचा हात डोळ्यापेक्षा वेगवान असतो. ही समजूत चुकीची आहे आणि तिने नवशिक्यांचे फार नुकसान केले आहे. डोळ्याला हाताची हालचाल सहज टिपता येते. उलट, अचानक केलेली वेगवान हालचाल डोळ्याला खेचूनच घेते. या समजुतीचे जितेजागते खंडन म्हणजे अर्जेंटिनाचे रेने लावांद. १९२८ साली जन्मलेल्या लावांद यांचा उजवा हात नवव्या वर्षी एका अपघातात गेला. पत्त्यांची हातचलाखी शिकवणारे सर्व लेखन दोन हातांच्या माणसासाठी असल्यामुळे त्यांना प्रत्येक युक्ती एकट्या डाव्या हातासाठी नव्याने शोधावी लागली. त्यांनी वेगाचा मार्ग घेतलाच नाही. टेबलावर तीन तांबडी आणि तीन काळी पाने एकाआड एक ठेवून, ती पुन्हा पुन्हा आपोआप रंगवार होतात असे ते दाखवत, आणि प्रत्येक खेपेला आधीपेक्षा सावकाश करीत. २०१५ साली ते गेले. त्यांचे चित्रीकरण आजही पाहायला मिळते, आणि पत्त्यांत रस नसलेल्या माणसानेही ते एकदा पाहावे असे मला मनापासून वाटते.

वेग नाही तर मग काय, याचे उत्तर डोळ्यांच्या आणि मनाच्या रचनेत आहे. आपल्याला समोरचे सर्व दृश्य स्पष्ट दिसते असे वाटते, पण डोळ्याच्या पडद्यावरचा तीक्ष्ण दृष्टीचा भाग फार लहान असतो. हात लांब करून अंगठ्याकडे पाहिले तर साधारण त्या नखाएवढ्याच जागेत आपल्याला बारीक तपशील दिसतो. बाकीचे दृश्य डोळा फिरवत फिरवत आणि मेंदूने अंदाजाने भरत भरत तयार होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, डोळा जेथे आहे तेथे लक्ष असतेच असे नाही. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे: चेंडू किती वेळा एकमेकांकडे दिला गेला हे मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी सुमारे निम्म्यांना दृश्याच्या मधून चालत गेलेला, गोरिलाचा पोशाख घातलेला माणूस दिसलाच नाही. २००५ साली गुस्ताव्ह कून आणि बेंजामिन टॅटलर यांनी जादूच्या एका खेळावरच असा अभ्यास केला. जादूगार सिगारेट सर्वांदेखत मांडीवर टाकून देत असे आणि ती नाहीशी झाली असे भासवत असे. ती पडताना कोणाला दिसली आणि कोणाला नाही, याचा त्यांच्या डोळ्यांच्या त्या क्षणीच्या जागेशी संबंध आढळला नाही. म्हणजे काही जण अगदी जवळ पाहत असूनही चुकले.

लक्ष वळवणे याचा अर्थ पुष्कळांना “तिकडे बघा” असे सांगून इकडे काम करणे असा वाटतो. चांगला जादूगार तसे काही करीत नाही. तो एक प्रश्न विचारतो. “तुम्ही मूळचे कोल्हापूरचेच का?” असे विचारले की समोरचा माणूस हातांवरची नजर उचलून तोंडाकडे पाहतो, कारण उत्तर माणसाच्या तोंडाकडे बघून द्यायचे असते, ही लहानपणापासूनची सवय असते, आणि उत्तर आठवण्यात व बोलण्यात त्याचे मन क्षणभर गुंतते. त्याहून मोठी संधी खेळ झाल्यासारखा वाटतो तेव्हा मिळते. पान वर आले, सर्व हसले, कोणीतरी “अरे वा” म्हणाले, त्या क्षणी सर्वांचे लक्ष सैल होते आणि पुढच्या खेळाची तयारी नेमकी तेव्हा होते. प्रेक्षक पुन्हा सावध होऊन हातांकडे पाहू लागतो, तोवर पाहण्यासारखे काही उरलेले नसते.

निवडीची गोष्टही अशीच आहे. “कोणतेही पान घ्या” असे म्हणून हवे तेच पान घ्यायला लावणे याला ‘फोर्स’ म्हणतात. जादूगार पानांचा पंखा पुढे करतो, समोरच्याची बोटे पुढे येतात आणि त्या बोटांच्या टप्प्यात त्या क्षणी हवे ते पान आणून ठेवलेले असते. हे सर्व बोटांच्या येण्याच्या गतीवर अवलंबून असल्यामुळे पुस्तकात शिकवता येत नाही. त्याचा एक सोपा प्रकार म्हणजे कॅटच्या कडेवरून अंगठा फिरवत पाने झरझर दाखवायची, एक पान इतरांपेक्षा क्षणभर अधिक दिसू द्यायचे आणि मनात एक पान धरायला सांगायचे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात एका जादूगाराने हाच प्रकार करून पाहिला, तेव्हा ९८ टक्के वेळा लोकांनी त्याच्या मनातलेच पान निवडले, आणि आपल्या निवडीवर काही प्रभाव पडला हे फक्त ९ टक्के लोकांच्या लक्षात आले. मला हे आकडे वाचून आनंद झाला होता आणि थोडी भीतीही वाटली होती, कारण दुकानात, निवडणुकीत, मोबाइलच्या पडद्यावर आपण “स्वतःहून” केलेल्या किती निवडी अशा असतील हा प्रश्न मनातून जात नाही.

हातचलाखी आणि गणित यांत गल्लत करू नये. एकवीस पानांची जादू आपल्याकडे प्रत्येक घरात कोणाला तरी येते: सात सात पानांच्या तीन रांगा लावायच्या, मनातले पान कोणत्या रांगेत आहे ते विचारायचे, ती रांग मधे घालून पाने गोळा करायची, हे तीनदा केले की ते पान अकरावे येते. त्यात हात काही करीत नाही, सर्व काम मांडणी करते. पण या दोन वाटा जेथे भेटतात ती जागा फार सुंदर आहे, म्हणून तेथे थोडे थांबतो.

कॅट बरोबर सव्वीस-सव्वीस असा काटायचा आणि दोन्ही अर्ध्या गठ्ठ्यांची पाने एकाआड एक, एकही न चुकता, एकमेकांत गुंफायची, याला ‘फॅरो’ म्हणतात. कोपरे अचूक भिडवून आणि हलका दाब देऊन हे हाताने करता येते, पण जमायला महिने लागतात. वरचे पान प्रत्येक वेळी वरच ठेवून असे आठ वेळा पिसले की बावन्नच्या बावन्न पाने मूळ क्रमाने परत येतात. कारण असे आहे: सर्वांत वरच्या पानाला शून्य, त्याखालच्याला एक, असे ५१ पर्यंत क्रमांक द्या. प्रत्येक पिसण्यात पानाचा क्रमांक दुप्पट होतो, आणि तो ५१ च्या पुढे गेला तर त्यातून ५१ वजा होतात. एक क्रमांकाचे पान दोनवर जाते, मग चार, आठ, सोळा, बत्तीस, बत्तीसची दुप्पट चौसष्ट, त्यातून ५१ गेले म्हणजे तेरा, मग सव्वीस, आणि सव्वीसची दुप्पट बावन्न, त्यातून ५१ गेले की पुन्हा एक. आठ पावलांत ते घरी परतले, आणि बाकीची पानेही याच हिशेबाने परततात. मोठ्या आवाजाने आठ वेळा पिसलेला कॅट जागचा हललेलाच नसतो, ही गोष्ट मला अजूनही कोणत्याही चमत्काराहून मोठी वाटते.

खरे पिसणे मात्र याच्या उलट टोकाला असते. बावन्न पानांचे एकूण क्रम इतके आहेत की ती संख्या लिहायला ६८ अंक लागतात, त्यामुळे नीट पिसलेला कॅट पूर्वी जगात कधीच न लागलेल्या क्रमात असण्याचीच शक्यता जवळजवळ पूर्ण असते. दोन अर्धे करून अंगठ्यांनी पाने एकमेकांत सोडण्याच्या पद्धतीने कॅट चांगला मिसळायला सुमारे सात वेळा पिसावे लागते, हे १९९२ साली डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस यांनी सिद्ध केले. डायकोनिस यांनी चौदाव्या वर्षी न्यूयॉर्कचे घर सोडले होते ते व्हर्नन यांच्याबरोबर गावोगाव फिरून पत्त्यांची जादू शिकण्यासाठी. पत्त्यांतल्या शक्याशक्यतेचे कोडे सुटेना म्हणून ते गणिताकडे वळले, आणि १९७४ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवून मोठे संख्याशास्त्रज्ञ झाले. आपण घरी कॅट हातात उभा धरून वरचे थोडे थोडे गठ्ठे खाली टाकत पिसतो, त्या पद्धतीने पाने फार हळू मिसळतात. शेजारची पाने शेजारीच राहतात, आणि जादूगार याचाच उपयोग करून घेतो. निवडलेले पान कोठे आहे हे त्याला पिसण्याच्या धामधुमीतही ठाऊक असते.

या कलेचे पूर्वज जुगारी आहेत, हे मान्य केले पाहिजे. एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावाने १९०२ साली शिकागोत निघालेले पत्त्यांवरचे पुस्तक आजही जादूगारांचे मूळ पाठ्यपुस्तक आहे. त्याचा मोठा भाग जुगारातल्या लबाडीवर आहे आणि त्याचा खरा लेखक कोण हे अजून ठरलेले नाही. व्हर्नन यांना १९३२ च्या सुमारास कॅन्ससमधल्या विचिटा येथे तुरुंगातल्या एका कैद्याकडून कळले की कॅटच्या अगदी मधोमधून पान वाटणारा कोणी माणूस आहे. वरून वाटल्याचे भासवून खालचे पान देणारे तेव्हाही होते. पण मधले पान देता आले तर कॅट काटल्यावरही लबाडी टिकते, आणि असे कोणाला जमते यावर जाणकारांचा विश्वास नव्हता. व्हर्नन गाव गाव शोधत गेले आणि मिसूरीतल्या प्लेझंट हिल या लहानशा गावात ॲलन केनेडी नावाचा तो जुगारी त्यांना सापडला. त्याने ती एकच हालचाल वर्षानुवर्षे घोटलेली होती.

जुगारी आणि जादूगार यांच्या हातांत फार अंतर नसते. जुगाऱ्याला काही घडले हेच कळू द्यायचे नसते. जादूगार मात्र “आता मी तुम्हाला फसवणार” असे आधीच सांगतो आणि कोणाचा रुपयाही नेत नाही. म्हणून जत्रेत, बाजारात, बसस्टँडच्या बाहेर तीन पाने मांडून “राणी ओळखा, दुप्पट घ्या” म्हणणारा दिसला तर तेथे थांबू नये. त्याच्या एका हातात दोन पाने एकाखाली एक धरलेली असतात आणि खालचे पान पडले असे दिसत असताना प्रत्यक्षात वरचे पडते. ही चलाखी नसती तरी आपण जिंकलो नसतो, कारण भोवती उभे राहून जिंकणारे, सल्ला देणारे, पानाचा कोपरा हळूच दुमडून दाखवणारे त्याचेच साथीदार असतात. मी हातचलाखी शिकल्यापासून पैसे लावून रमीला कधी बसलो नाही. मामांनी मला शिकवण्यापूर्वी घातलेली ती एकच अट होती.

साधनांविषयी थोडक्यात सांगतो. प्लॅस्टिकची पाने टिकतात, पण फार घसरतात, आणि त्यांवर दोन पाने जुळून राहत नाहीत. चांगली पाने कागदाचे दोन थर मधे काळसर खळीने चिकटवून केलेली असतात, म्हणजे उजेडात धरले तरी आरपार दिसू नये, आणि त्यांच्या पृष्ठभागावर बारीक खळगे उठवलेले असतात, ज्यांतल्या हवेमुळे पान पानावरून सरकते. कोल्हापूरच्या जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या ओल्या हवेत हा कागद फुगतो आणि पाने एकमेकांना धरून बसतात. एका जुलै महिन्यात राजारामपुरीकडच्या एका कार्यालयात, साखरपुड्याच्या पंगतीनंतर, माझ्या बोटांना दोन वाटलेली पाने तीन निघाली आणि बदाम राणीऐवजी चौकट पंजी वर आली. मला ते कळायला पान पूर्ण उलटावे लागले. तेव्हापासून पावसाळ्यात मी कॅट घट्ट झाकणाच्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवतो.

आपल्याकडे पत्ते काही इंग्रजांबरोबर पहिल्यांदा आले नाहीत. बाबराच्या आठवणींत १५२७ साली गंजिफा भेट पाठवल्याची नोंद आहे, आणि आमच्यापासून आंबोली घाट उतरले की लागणाऱ्या सावंतवाडीत गोल, लाखेने चकचकीत केलेली गंजिफा आजही हाताने रंगवली जाते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पाने असतात. ती पाने मी हातात घेऊन पाहिली आहेत. ती अतिशय देखणी आहेत, पण कोपरा नाही, लवचीकपणा नाही, त्यामुळे आजची हातचलाखी त्यांच्यावर चालणार नाही. ही कला पातळ, चौकोनी, छापील पानातूनच वाढली असे माझे मत आहे.

पोट भरण्याचा प्रश्न वेगळा आणि कठीण आहे. पी. सी. सरकार किंवा पुण्याचे जादूगार रघुवीर यांच्यामुळे जादू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठा रंगमंच, पोशाख आणि भलीमोठी पेटी येते. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभ्या राहिलेल्या आणि २०२४ च्या आगीत जळालेल्या आमच्या केशवराव भोसले नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या माणसाला रंगमंचावर हत्तीएवढी वस्तू नाहीशी झालेली दिसेल, पण बदाम राणी दिसणार नाही. पत्त्यांची जादू दहा-वीस माणसांची असते. ती लग्नात, वाढदिवसाला, कंपनीच्या कार्यक्रमात एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे जाऊन, दर ठिकाणी पाच मिनिटांत ओळख करून घेऊन, कधी पाहुण्यांच्या हातातले ताट सांभाळत करावी लागते. त्यात एखादा तरी म्हणतोच, “काय राव, आता परत एकदा करा की, हळू करा.” एकच खेळ त्याच लोकांपुढे पुन्हा करू नये हा जादूगारांचा जुना नियम आहे, कारण दुसऱ्या वेळी कोठे पाहायचे हे त्यांना कळलेले असते. म्हणून ‘ॲम्बिशस कार्ड’ला मी मान देतो: तो पुन्हा पुन्हाच करायचा खेळ आहे आणि दर खेपेला त्यातली युक्ती गुपचूप बदलायची असते.

एक गोष्ट या भागात राहून बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १५८४ साली इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट यांनी चेटकीण ठरवून निरपराधांना छळणाऱ्या समजुतींविरुद्ध पुस्तक लिहिले आणि त्यात नाण्यांच्या व पत्त्यांच्या खेळांची रहस्ये उलगडून दाखवली, म्हणजे हे सैतानाचे काम नसून बोटांचे आहे हे लोकांना कळावे. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांचे प्रयोग करून त्यामागची हातचलाखी समजावतात ते याच कारणासाठी. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच वर्षी नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि २०१५ साली येथे कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. फोर्स केलेले पान “मी तुमच्या मनातून वाचले” असे म्हणून कोणाला गंडा-ताईत विकणे आणि तेच पान करमणुकीसाठी दाखवणे यांत हाताची हालचाल एकच असते, म्हणून खेळानंतर कोणी खरोखर घाबरून “हे कसं कळलं तुम्हाला?” असे विचारले, तर मी त्या माणसाला ‘ही हातचलाखी आहे’ असे स्पष्ट सांगतो.

मामा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या बोटांची कातडी कोरडी पडली आहे, करंगळी पूर्वीसारखी वळत नाही आणि ब्रेक धरता येत नाही. नातवंडांना ते एकवीस पानांची जादू दाखवतात. मागच्या वैशाखात घरात लग्न होते. आदल्या रात्री डाव संपल्यावर पोरांनी त्यांच्याकडे राणीचा खेळ मागितला, तेव्हा त्यांनी कॅट माझ्या हातात दिला. मी तीन वेळा राणी वर आणली, तिन्ही वेळा पोरे ओरडली, आणि माझ्या मते दोन्ही पाने एकदाही हलली नाहीत. सर्व झोपायला गेल्यावर मी विचारले, “मामा, कसं झालं?” ते म्हणाले, “हात बरोबर होते. दुसऱ्या खेपेला तुझा श्वास थांबला.” तेव्हापासून मी आरशासमोर पाने उलटताना मोठ्याने काही ना काही बोलत असतो, कारण बोलत असताना श्वास धरून ठेवता येत नाही.